पोथी, ओवी आणि पदवी

भारतीय भाषा आणि संस्कृती हा पदवीचा स्वतंत्र विषय म्हणून जर्मनीत दोनशे वर्षे शिकवला जातो. १८१८ साली ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल बॉन विद्यापीठात प्राध्यापक झाले, १८२३ मध्ये त्यांनी भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह छापली आणि तिथून ही परंपरा रुजली. ब्योटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा संस्कृत कोश याच परंपरेचा. इंग्लंडमध्ये राहून सायणभाष्यासह ऋग्वेद संपादित करणारे माक्स म्युलरही तिचेच. या कामाची थोरवी वादातीत आहे. मात्र त्यातला भारत हस्तलिखितांत राहणारा होता. म्युलर यांनी तर भारतात कधी पाऊलही ठेवले नाही. हा विषय खऱ्या अर्थाने पुरा झाला तो ग्रंथांच्या जोडीला चालत्याबोलत्या भाषा आणि माणसे आली तेव्हा. प्राचीन ग्रंथ, आजची प्रादेशिक भाषा आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य ही तिन्ही अंगे एकाच अभ्यासक्रमात हवीत. यांपैकी एक जरी वगळले, तरी उरलेल्या दोहोंतून निघणारे निष्कर्ष लंगडे पडतात.

याचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्राशीच निगडित आहे. हायडेलबर्ग विद्यापीठात १९६२ साली दक्षिण आशिया संस्था स्थापन झाली. तिथले प्राध्यापक ग्युंटर सोन्थायमर मूळचे हिंदू कायद्याचे अभ्यासक, म्हणजे धर्मशास्त्राच्या पोथ्यांत मुरलेले. पण ते मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर गेले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि १९७६ मध्ये बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. या पद्धतीने हाती काय लागते, ते जेजुरीत दिसते. संस्कृत ‘मल्हारी माहात्म्या’चा कणा आहे मणी-मल्ल दैत्यांचा वध. लोकगीतांतला खंडोबा मात्र बाणाईसाठी धनगराच्या घरी चाकरी करतो, मेंढरे राखतो. जेजुरीच्या गडावर देवाची पत्नी म्हाळसा त्याच्यासोबत माथ्यावर आहे आणि दुसरी पत्नी बाणाई हिचे देऊळ चढणीच्या मध्यावर. वाण्याची लेक वर आणि धनगराची लेक अर्ध्या वाटेवर का, याचे उत्तर केवळ पोथीत शोधून मिळणार नाही. शेती करणारा गाव आणि रानोमाळ फिरणारा मेंढपाळ यांच्यातले जुने नाते त्यासाठी समजावे लागते, आणि ते ओवीत आहे. उलट, नुसती ओवी ऐकणाऱ्याला हा देव मार्तंडभैरव म्हणून शिवाशी कसा जोडला गेला, हे उमगणार नाही. सोन्थायमर यांना दोन्ही बाजू दिसल्या, कारण त्यांना दोन्ही भाषा येत होत्या.

यावर पहिला आक्षेप असा, की परक्यांनी आपली संस्कृती आपल्याला का शिकवावी? आक्षेप निराधार नाही. ऑक्सफर्डचे बोडेन अध्यासन ज्या देणगीवर उभे राहिले, तिच्यामागे हिंदूंच्या धर्मांतराला हातभार लावण्याचा उघड हेतू होता. एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये केलेली प्राच्यविद्येची चिकित्साही विसरता येणार नाही. परंतु ज्ञानावरच्या सत्तेचा हा प्रश्न अभ्यास बंद करून सुटत नाही. अभ्यासकांत आपलीच, आणि त्यातही सर्व थरांतली माणसे आल्याने सुटतो. विष्णु सीताराम सुकथनकर बर्लिनमध्ये शिकले आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेत त्यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला शिस्त घालून दिली. पद्धत कुठूनही आली, तरी काम आपल्या हातांनी आणि आपल्या प्रश्नांसाठी करता येते.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा: ही संस्कृती आपण जगतोच, मग तिची पदवी कशाला? पण मराठी मातृभाषा असल्याने जुनी मराठी आपोआप येत नाही. महानुभाव पंथाच्या जुन्या मराठीतल्या पोथ्या शतकानुशतके सकळा लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या उलगडल्या, तेव्हा कुठे हे वाङ्मय पंथाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोचले. मोडीतली दफ्तरे आजही वाचकांची वाट पाहत आहेत. जुन्या मराठीचा शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा कोश १९९९ साली आला, तोही वर्षानुवर्षांच्या मेहनतीनंतर. तिसरा प्रश्न पोटापाण्याचा आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. या पदवीवर शेकडो नोकऱ्या मिळणार नाहीत. म्हणूनच ती दुसऱ्या विषयाच्या जोडीने द्यावी, जशी जर्मन विद्यापीठांत देता येते. कायदा, भूगोल किंवा संगणकशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला मोडी वाचता आली आणि एखाद्या बोलीचे ध्वनिमुद्रण शास्त्रशुद्ध करता आले, तर अभिलेखागार, संग्रहालय, अनुवाद आणि भाषातंत्रज्ञान या चारही वाटा त्याला खुल्या होतात.

आपल्याकडे मात्र संस्कृत एका विभागात, मराठी दुसऱ्या, इतिहास तिसऱ्या आणि मानवशास्त्र, असलेच तर, चौथ्या विभागात आहे. विद्यार्थ्याने त्यांतला एकच उंबरा ओलांडायचा, अशी सोय. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला आणि नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत मेजर-मायनरची मुभा दिली. दर्जाचे सोहळे झाले. आता विद्यापीठांनी या मुभेचा उपयोग करून एक सलग मेजर आखावा. त्यात पहिली दोन वर्षे संस्कृत किंवा प्राकृत, जुनी मराठी आणि मोडी. तिसऱ्या वर्षी कन्नड, तेलुगू, गोंडी किंवा भिली यांपैकी एक शेजारभाषा. चौथे वर्ष गावात राहून क्षेत्रकार्य. यासाठी लागणारे बहुतेक अध्यापक आणि ग्रंथालये पुण्यात, मुंबईत, नागपुरात आजही आहेत. विभागांच्या भिंती तेवढ्या आड येतात, आणि त्या पाडणे विद्यापीठांच्याच हातात आहे.