तळ्यांतील शेवाळी प्राणी

तळ्यांत बुडालेल्या काडीवर किंवा शिंपल्यावर बुळबुळीत पुटासारखें कांहीं दिसलें, तर आपण तें शेवाळ समजून सोडून देतों. परंतु अशीं कांहीं पुटें वनस्पति नसून प्राण्यांच्या वसाहती असतात. शास्त्रज्ञ त्यांस ब्रायोझोआ, म्हणजे शेवाळी प्राणी, असें म्हणतात. यांच्या सुमारें ६,००० जाति आज ज्ञात आहेत. त्यांपैकीं बहुतेक समुद्रांत राहतात. गोड्या पाण्यांत शंभराहूनही कमी आढळतात.

वसाहतींतील एकेक प्राणी बहुधा मिलिमीटरभरही नसतो. त्याच्या तोंडाभोंवतीं बारीक स्पर्शिकांचा मुकुट असतो. स्पर्शिकांवरील सूक्ष्म केसांच्या हालचालीनें पाणी तोंडाकडे वळतें, व त्यांतील सूक्ष्म जीव हें त्याचें अन्न होय. धक्का लागतांच मुकुट आंत ओढला जातो. एकास अंकुर फुटून दुसरा होतो, आणि वसाहत पसरते.

मग तळें आटल्यावर काय होतें? कांहीं जाति कठीण कवचाचीं बीजें तयार करतात. वसाहत मरते, परंतु बीजें कोरड्या चिखलांत टिकतात, आणि पुनः पाणी मिळतांच त्यांतून नवी वसाहत उगवते.

या अभ्यासांत नागपूरचाही वांटा आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी सन १८४५ त तेथें आले. ते उपदेश करीत, शाळा चालवीत, आणि सवड मिळेल तेव्हां खडक, जीवाश्म व पाण्यांतील जीव पाहत. तेथील पाण्यांत त्यांस सांपडलेल्या अशाच एका प्राण्याचें वर्णन मुंबईचे डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनीं सन १८५८ त प्रसिद्ध केलें, व शोधकाच्या सन्मानार्थ त्यास हिस्लोपिया लॅकस्ट्रिस हें नांव दिलें. सन १८६३ त पुरानें भरलेला ओढा ओलांडतांना हिस्लॉपसाहेब बुडून वारले. नागपुरांतील हिस्लॉप कॉलेज त्यांचें स्मारक आहेच. पण तो इवलासा जीवही त्यांचें नांव वागवीत आहे.

आज कित्येक तळीं बुजविलीं जातात, कित्येकांत सांडपाणी सोडलें जातें. त्यांत काय राहत होतें, हें कोणीं पाहिलेलेंही नसतें. म्हणून वडील माणसांस बरोबर घेऊन तळ्यावर जा; एकट्यानें पाण्यांत उतरूं नका. पुट धरलेली काडी कांचेच्या भांड्यांत त्याच पाण्यांत ठेवा, व भिंग लावून पाव तास स्वस्थ बसा. पालकांसही विनंति, कीं मुलानें चिखलाची काडी घरीं आणली तर रागावूं नये. क्षुद्र वस्तूंकडे आदरानें पाहण्यास शिकणें हीही निर्माणकर्त्याची एक सेवाच आहे.