शिक्षण अर्धवट राहिलंय? फॉर्म भरण्याआधी हे विचारा

"आता या वयात कसलं शिक्षण?" भिवंडी-मालेगावच्या लूम कामगारांपासून घरी शिलाई करणाऱ्या भगिनींपर्यंत हे वाक्य आपण रोज ऐकतो. आम्हाला वाटतं, अडचण वयाची कमी आणि माहितीची जास्त आहे. नेमकं काय शिकावं हे सांगणारा कुणी भेटत नाही. भेटतो तो एजंट. "परीक्षेला बसायची गरज नाही" म्हणतो, पैसे घेतो आणि हातात बिनकामाचा कागद ठेवतो. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करते, ती उगाच नाही.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इग्नू १९८५ पासून अशाच मंडळींसाठी आहे. त्यांची अभ्यासकेंद्रं बहुधा जवळच्याच एखाद्या कॉलेजात असतात. तिथे जाऊन चौकशी करायला पैसे पडत नाहीत. मदरशात शिकलेल्यांनी हैदराबादच्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठातही विचारावं, कारण काही मदरशांच्या सनदा तिथे प्रवेशासाठी धरल्या जातात.

पण एक लक्षात ठेवा. अभ्यासकेंद्राला विद्यार्थी हवेच असतात, त्यामुळे "कोणता कोर्स आहे?" एवढंच विचारलं तर तेवढंच उत्तर मिळेल. "हा कोर्स संपेल तेव्हा माझं वय काय असेल आणि त्या वयात कुठे अर्ज करता येईल?" असं विचारा.

उदाहरण घ्या. एमपीएससीच्या बऱ्याच पदांची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. छत्तिसाव्या वर्षी बीएला बसलेला माणूस पदवी घेईपर्यंत एकोणचाळीसचा होतो. खुल्या प्रवर्गात असेल तर दार बंद. आपल्यातल्या अनेक जमाती ओबीसी यादीत आहेत. त्याच माणसाकडे जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर असेल तर हातात अजून काही वर्षं उरतात. म्हणजे कॉलेजच्या फॉर्मआधी दाखल्याच्या मागे लागायला हवं! हे वेळेवर कुणी सांगत नाही.

तसंच नर्सिंग, फार्मसी, कायदा, इंजिनिअरिंग यांच्या पदव्या दूरशिक्षणातून मिळत नाहीत. कुणी देतो म्हणालं तर तिथून उठा. बाकी मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

दुसरं मत हवं असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नोंदणी करा, ती मोफत आहे. कोर्सची मान्यता यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर वर्षासकट तपासा. गेल्या वर्षीची मान्यता यंदा असेलच असं नाही.