सॅटेलाइटच्या रडारला मलंगगडावरचा ढग का दिसत नाही?

जुलैत कल्याण-डोंबिवलीहून मलंगगडाकडे बघा. बरेचदा गड दिसतच नाही, ढगात गुडूप झालेला असतो. गडाचा माथा समुद्रसपाटीपासून हजार मीटरही उंच नाही, म्हणजे हा ढग अगदी खालचा. आपल्याला गॅलरीतून दिसणारा असा ढग अवकाशातल्या रडारच्या हातून मात्र सहज निसटतो.

आपलं त्यामुळे फार अडत नाही. कुलाब्याला आणि २०२२ पासून वेरावलीला हवामान खात्याची डॉप्लर रडार आहेत, जागोजागी पर्जन्यमापक आहेत. ध्रुवांकडे मात्र शेकडो किलोमीटर एकही वेधशाळा नसते. तिथे भिस्त सॅटेलाइटवर, आणि नेमके तिथले बरेचसे ढग असेच जमिनीलगतचे असतात.

जमिनीचा गोंगाट

नासाचा क्लाउडसॅट २००६ मध्ये सुटला. सुमारे ७०० किमी उंचीवरून तो ९४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींचे छोटे ठोके खाली पाठवायचा. प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला, यावरून ढगाची उंची कळते.

पण एक ठोका ३.३ मायक्रोसेकंदांचा. तेवढ्या वेळात लहर साधारण एक किलोमीटर जाते. जाणं-येणं धरलं तर रडारला अर्ध्या किलोमीटरपेक्षा बारीक थर वेगळे ओळखता येत नाहीत. त्यात जमिनीचा किंवा बर्फाचा प्रतिध्वनी ढगापेक्षा कितीतरी जोरदार. तो वरच्या थरांतही पसरतो आणि खालचा साधारण एक किलोमीटर निकामी होतो. चढ-उताराच्या प्रदेशात तर आणखी वाईट.

डोंबिवली स्टेशनवर फास्ट लोकल धडधडत जाताना शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही ना? तसंच हे. तो बोलत असतोच, आपल्यापर्यंत पोचत नाही इतकंच.

थेंब फारच बारीक

दुसरी अडचण थेंबांच्या आकाराची. बारीक थेंबाचा प्रतिध्वनी त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातावर ठरतो. व्यास निम्मा झाला की प्रतिध्वनी ६४ पट कमी! ध्रुवीय ढगांत शून्याखालच्या तापमानातही न गोठलेले, काही मायक्रॉनचे पाण्याचे थेंब असतात. रडारला ते जवळजवळ अदृश्यच.

मग लेझर वापरा की! वापरलाय. क्लाउडसॅटसोबतच सुटलेल्या कॅलिप्सोवर लायडार होता. त्याला बारीक थेंब छान दिसतात, पण दाट ढगात लेझर वरच्या थरातच अडकतो आणि खालचं दिसत नाही. त्यात २०११ मध्ये क्लाउडसॅटची बॅटरी बिघडली आणि पुढे तो फक्त उजेडातच काम करू शकला. म्हणजे ध्रुवांवरची लांबलचक हिवाळी रात्र हातची गेली.

याने बिघडतं काय?

जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडच्या जवळपास सगळ्या हिमस्तराचा पृष्ठभाग काही दिवस वितळला, एरवी गोठलेला असणारा माथाही. त्यात खालच्या, पातळ, पाण्याच्या ढगांचा हात होता. ऊन आरपार जाईल इतके ते पातळ होते, पण खालची उष्णता अडवण्याइतके दाट. हे उलगडलं ते माथ्यावरच्या समिट केंद्रातल्या, जमिनीवरून वर बघणाऱ्या उपकरणांमुळे.

बर्फवृष्टीच्या हिशोबातही दोन्हीकडून चूक होते. खालच्या ढगातून पडणारा बर्फ मोजलाच जात नाही, आणि वरून निघालेला बर्फ कोरड्या वाऱ्यात वाटेतच विरला तरी पडल्यासारखा धरला जातो. हिमस्तर वाढतोय की घटतोय हे याच आकड्यांवर ठरतं, आणि समुद्राची पातळी त्यावर. ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्यांनाही हा हिशोब लांबचा नाही.

आता पुढे?

मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानचा अर्थकेअर सुटला. तो जेमतेम ४०० किमीवर आहे, रडार जास्त संवेदनशील आहे आणि लायडार त्याच यानावर आहे. आंधळा पट्टा कमी होतो, पण संपत नाही. म्हणून जमिनीवरची केंद्रं लागणारच.

डेटाबेसवर काम करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. पुढच्या वेळी सॅटेलाइटच्या नकाशात जमिनीलगत 'ढग नाही' असं दिसलं, तर आधी विचारा, ढग खरंच नव्हता, की रडारला तिथलं दिसतच नव्हतं?