बिझनेस इंटेलिजन्स डॅशबोर्डमधील परस्परसंवादी नकाशे

बिझनेस इंटेलिजन्स डॅशबोर्डमधील परस्परसंवादी नकाशे म्हणजे एखाद्या संस्थेची, उद्योगाची किंवा शासकीय विभागाची आकडेवारी तिच्या भौगोलिक स्थानासह संगणकाच्या पडद्यावर दाखवणारे आणि वापरकर्त्याच्या कृतीनुसार बदलणारे नकाशे होत. छापील नकाशात माहिती स्थिर असते. परस्परसंवादी नकाशात मात्र वापरकर्ता नकाशा लहान-मोठा करू शकतो, एखाद्या तालुक्यावर टिचकी मारून त्याचा तपशील पाहू शकतो, तसेच कालावधी किंवा विषय निवडून माहिती गाळून घेऊ शकतो. नकाशावर केलेली निवड त्याच डॅशबोर्डवरील तक्ते आणि आलेख यांनाही लागू होते. या लेखात संकल्पनेची माहिती प्रामुख्याने महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या उदाहरणांद्वारे दिली आहे. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असून त्यात १४ तालुके आहेत.

पार्श्वभूमी

आकडेवारी नकाशावर मांडण्याची पद्धत संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. फ्रान्समधील शार्ल द्युपँ यांनी १८२६ मध्ये शिक्षणाच्या प्रसाराचे प्रमाण प्रांतवार छटांनी दाखवणारा नकाशा तयार केला. लंडनमधील १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची ठिकाणे नकाशावर नोंदवून त्यांचा सार्वजनिक पाणीपंपाशी असलेला संबंध दाखवला. 'बिझनेस इंटेलिजन्स' ही संज्ञा आजच्या अर्थाच्या जवळ जाणाऱ्या अर्थाने हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये वापरली. १९६० च्या दशकात कॅनडामध्ये रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने भौगोलिक माहिती प्रणाली (जीआयएस) विकसित झाली.

ओपनस्ट्रीटमॅप (२००४) आणि गूगल मॅप्स (२००५) यांच्यामुळे ब्राउझरमध्ये सरकवता येणारे नकाशे सर्वसामान्यांना परिचित झाले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००९ मध्ये 'भुवन' हे संकेतस्थळ सुरू केले. २०११ मध्ये आलेल्या लीफलेट या मुक्त सॉफ्टवेअरमुळे असे नकाशे तयार करणे सोपे झाले. टॅब्लो, पॉवर बीआय, क्लिक यांसारख्या साधनांत नकाशा हा आता नेहमीचा घटक आहे. जानेवारी २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने सुरू केलेल्या कोविड-१९ डॅशबोर्डमुळे हा प्रकार जगभरातील सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

रचना व कार्यपद्धती

परस्परसंवादी नकाशा साधारणपणे तीन थरांचा बनलेला असतो.

* आधार नकाशा : रस्ते, नद्या, गावे दाखवणारा पार्श्वभूमीचा थर. तो सहसा २५६ × २५६ पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांत साठवलेला असतो. शून्य पातळीवर संपूर्ण जग एका तुकड्यात मावते आणि प्रत्येक पुढील पातळीवर तुकड्यांची संख्या चौपट होते. अहिल्यानगरच्या अक्षांशावर दहाव्या पातळीला एक पिक्सेल सुमारे १४५ मीटर, तर पंधराव्या पातळीला सुमारे ४.५ मीटर अंतर दर्शवतो.
* सीमा व स्थाने : जिल्हा, तालुका, महसूल मंडळ, गाव किंवा गट यांच्या सीमा (बहुभुज), रस्ते व कालवे (रेषा) आणि धरणे, विहिरी, कारखाने (बिंदू).
* आकडेवारी : पर्जन्यमान, विक्री, दूध संकलन, उसाची नोंद इत्यादी माहिती. ही माहिती सीमांशी किंवा बिंदूंशी जोडली जाते.

यातील जोडणीचा टप्पा सर्वांत नाजूक असतो. जोडणी नावाने केल्यास चुका होतात. २०११ च्या जनगणनेतील इंग्रजी तक्त्यांत या जिल्ह्याच्या नावाचे चौथे अक्षर 'ए' आहे, तर रूढ इंग्रजी लेखनात ते 'ई' आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाल्यानंतर जुन्या आणि नव्या नोंदी मिळून तीन रूपे प्रचारात आली. नाव जुळले नाही तर संगणक चूक दाखवत नाही. जिल्हा नकाशावर केवळ कोरा राहतो आणि पाहणाऱ्याला तेथे काही घडलेच नाही असे वाटते. यासाठी नावाऐवजी स्थिर संकेतांक वापरतात. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५२२ आहे, तर केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्हा, तालुका व गावाला स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे.

गावांच्या बाबतीत ही अडचण वाढते. पिंपळगाव माळवी (नगर तालुका), पिंपळगाव पिसा (श्रीगोंदा), पिंपळगाव रोठा (पारनेर) आणि पिंपळगाव खांड (अकोले) ही चारही गावे याच जिल्ह्यात आहेत. नोंदवहीत केवळ 'पिंपळगाव' असे लिहिले असल्यास स्वयंचलित स्थाननिश्चिती त्यांपैकी कोणत्याही गावाकडे जाऊ शकते. अक्षांश-रेखांशांचा क्रम उलटणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. नगर शहर सुमारे १९.१ अंश उत्तर अक्षांश व ७४.७ अंश पूर्व रेखांशावर आहे. हे आकडे अदलाबदल झाल्यास तोच बिंदू नॉर्वेच्या उत्तरेकडील ब्यॉर्नया बेटाजवळ, बॅरेंट्स समुद्रात दिसतो.

नकाशांचे प्रकार

महाराष्ट्रातील शालेय भूगोलात शिकवल्या जाणाऱ्या वितरण नकाशांच्या तिन्ही पद्धती डॅशबोर्डमध्ये आढळतात.

* टिंब पद्धत : प्रत्येक घटना किंवा ठरावीक संख्या एका टिंबाने दाखवली जाते. बिंदूंची संख्या फार असल्यास लहान प्रमाणावर त्यांचे समूह करून त्यावर संख्या लिहितात. नकाशा मोठा केला की समूह सुटे होतात.
* क्षेत्रघनी पद्धत : प्रशासकीय विभागांना मूल्यानुसार फिकट ते गडद छटा देतात. डॅशबोर्डमध्ये हीच पद्धत सर्वाधिक वापरली जाते.
* सममूल्य पद्धत : पर्जन्यमान, तापमान, भूजल पातळी यांसारख्या सलग बदलणाऱ्या घटकांसाठी समान मूल्यांच्या रेषा किंवा पट्टे वापरतात.

यांखेरीज प्रमाणशीर वर्तुळांचे नकाशे, घनता दाखवणारे उष्णता-नकाशे आणि वाहतुकीचे प्रवाह दाखवणारे नकाशेही वापरात आहेत.

क्षेत्रघनी नकाशात एकूण संख्येऐवजी दर किंवा प्रमाण दाखवावे, असा संकेत आहे. मोठ्या क्षेत्राचा विभाग डोळ्यांत अधिक भरतो, हे त्यामागील कारण होय. २०११ च्या जनगणनेनुसार अहिल्यानगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ आणि मुंबई शहर जिल्ह्याची ३०,८५,४११ होती. म्हणजे लोकसंख्येत सुमारे दीडपट फरक असला, तरी नकाशावर अहिल्यानगर मुंबई शहराच्या शंभरपटीहून अधिक जागा व्यापतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील उपयोग

पर्जन्यमान व अतिवृष्टी

जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीची मुख्य रांग असून राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) तेथे आहे. घाटघर, रतनवाडी परिसरात अतिशय जास्त पाऊस पडतो, तर पूर्वेकडील बहुतेक तालुके पर्जन्यछायेत येतात. अकोले तालुक्याच्याही पूर्व भागात पश्चिम कड्याच्या तुलनेत फार कमी पाऊस होतो. त्यामुळे संपूर्ण तालुक्याला एकच छटा देणारा नकाशा दोन्ही भागांबाबत दिशाभूल करतो.

राज्यात 'महावेध' प्रकल्पांतर्गत महसूल मंडळ स्तरावर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली आहेत. २४ तासांत मंडळात ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाल्यास त्याची अतिवृष्टी म्हणून नोंद होते आणि पीक नुकसानीच्या मदतीसाठी ही नोंद महत्त्वाची ठरते. समजा, एका तालुक्यातील पाच मंडळांत अनुक्रमे २०, २५, ३०, ३५ आणि ९० मिलिमीटर पाऊस झाला. तालुक्याची सरासरी ४० मिलिमीटर येते आणि तालुकानिहाय नकाशा सामान्य पाऊस दाखवतो; मात्र पाचव्या मंडळातील शेतकऱ्यांची पिके पाण्याखाली गेलेली असू शकतात. विभागांचा आकार व सीमा बदलल्याने निष्कर्ष बदलणे, ही क्षेत्रीय आकडेवारीची मूलभूत समस्या मानली जाते. तालुक्यावर टिचकी मारल्यावर मंडळांचा तपशील उलगडण्याची सोय हा तिच्यावरील एक उपाय आहे. मंडळातील एकाच केंद्राची नोंद त्या मंडळातील सर्व गावांना लागू करण्याची मर्यादा मात्र त्यानंतरही राहते.

धरणे व पाणीवाटप

जिल्ह्याच्या उत्तर भागातील मुळा व प्रवरा या नद्या गोदावरीच्या, तर दक्षिणेकडील सीना व घोड या नद्या भीमेच्या खोऱ्यात येतात. म्हणून पाण्याच्या प्रश्नासाठी तालुक्यांच्या सीमांपेक्षा खोरे व पाणलोट यांच्या सीमा अधिक उपयुक्त ठरतात.

धरणांचा साठा दाखवताना टक्केवारी व घनफळ या दोन्हींची गरज असते. मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी (अब्ज घनफूट), तर १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाची सुमारे ११ टीएमसी आहे. भंडारदरा ९० टक्के आणि मुळा ५० टक्के भरले असल्यास टक्केवारीच्या नकाशावर भंडारदरा गडद दिसेल. प्रत्यक्षात भंडारदऱ्यात सुमारे १० आणि मुळा धरणात १३ टीएमसी पाणी असेल. अशा वेळी वर्तुळाच्या आकाराने घनफळ व छटेने टक्केवारी दाखवणे सोयीचे ठरते.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशानुसार जायकवाडी धरणातील साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो. नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यातील या वादात कोणता आकडा कोणत्या स्वरूपात दाखवला जातो, यास केवळ तांत्रिक महत्त्व राहत नाही.

जलसंधारण व कृषी

डिसेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात बंधारे, नाला खोलीकरण इत्यादी कामांची छायाचित्रे अक्षांश-रेखांशासह मोबाइल अ‍ॅपद्वारे नोंदवली गेली. त्यासाठी नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची (एमआरसॅक) प्रणाली वापरण्यात आली. २०२१ पासून राज्यभर राबवल्या जाणाऱ्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः स्थानासह पिकाची नोंद करतात. बिंदू नकाशावर असणे म्हणजे तेथे काम नोंदवले गेले असणे. बंधाऱ्यात पाणी साठते की नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी विहिरींच्या पाणीपातळीचा थर त्यावर ठेवून पाहावा लागतो.

साखर उद्योग

प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्यापासून साखर उद्योग हा जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचा प्रमुख आधार राहिला आहे. तोडणीनंतर ऊस जितका वेळ पडून राहतो तितका साखर उतारा घटतो. त्यामुळे लागवडीची तारीख, वाण, तोडणी टोळ्यांची ठिकाणे आणि कारखान्यापर्यंतचे अंतर एकाच नकाशावर दिसल्यास तोडणीचा क्रम ठरवणे सोपे जाते. महाराष्ट्रात तोडणी व वाहतूक खर्च ऊसदरातून वजा होत असल्याने अंतराच्या हिशेबाचा शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या रकमेवर थेट परिणाम होतो.

राज्यात दोन साखर कारखान्यांमध्ये किमान २५ किलोमीटर हवाई अंतर असावे, असा नियम आहे. वेब नकाशांवर प्रचलित असलेल्या वेब मर्केटर प्रक्षेपणात १९ अंश अक्षांशावर लांबी सुमारे १.०६ पट दिसते. ही दुरुस्ती न करता अंतर मोजल्यास प्रत्यक्षात २४ किलोमीटर असलेले अंतर सुमारे २५.४ किलोमीटर भरते आणि नियमाचा भंग नजरेतून सुटू शकतो. म्हणून अंतर व क्षेत्रफळ गोलाकार पृथ्वीवरील सूत्रांनी किंवा स्थानिक प्रक्षेपणात मोजावे लागते.

मर्यादा व दक्षता

* सीमांतील बदल : राहाता हा स्वतंत्र तालुका १९९१ च्या जनगणनेत नव्हता, २००१ च्या जनगणनेत तो आढळतो. पूर्वी कोपरगाव तालुक्यात असलेली शिर्डी आता राहाता तालुक्यात आहे. त्यामुळे या दोन जनगणनांची तालुकानिहाय तुलना सीमा जुळवल्याशिवाय करता येत नाही.
* वर्गांतरे : समान अंतराचे वर्ग आणि समान संख्येचे वर्ग यांनुसार त्याच आकडेवारीचे नकाशे वेगळे दिसतात. वर्गांच्या सीमा सूचीत स्पष्ट द्याव्या लागतात.
* कोरी जागा : 'माहिती नाही' आणि 'शून्य' यांसाठी वेगवेगळे रंग किंवा रेखांकन आवश्यक असते.
* रंग : लाल व हिरवा यांतील फरक न कळणाऱ्या वाचकांसाठी एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा अधिक सोयीच्या असतात.
* गोपनीयता : लाभार्थी किंवा रुग्ण यांचे घरनिहाय बिंदू दाखवल्यास व्यक्तीची ओळख उघड होऊ शकते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या संदर्भात अशी माहिती गाव किंवा मंडळ स्तरावर एकत्रित करून दाखवणे उचित ठरते.
* बाह्य सीमा : भारतात प्रसिद्ध होणाऱ्या नकाशांत देशाच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांनुसार असणे आवश्यक आहे. परदेशी आधार नकाशे वापरताना हे तपासावे लागते.

प्रत्येक आकडेवारीला नकाशाची गरज नसते. स्थानाचा प्रश्नाशी संबंध नसेल, किंवा १४ तालुक्यांचा केवळ क्रम लावायचा असेल, तर साधा स्तंभालेख अधिक अचूक वाचता येतो. शेजारी भागांतील साम्य, अंतर, नदीचे खोरे किंवा मार्ग यांवर निर्णय अवलंबून असतो, तेथे नकाशा उपयोगी पडतो.

हेही पाहा

* भौगोलिक माहिती प्रणाली
* वितरणाचे नकाशे
* अहिल्यानगर जिल्हा
* जलयुक्त शिवार अभियान
* ओपनस्ट्रीटमॅप