जिप्सी उंच केली आणि ब्रेक मारला की ती डावीकडे पळायला लागली

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना मी जिथे जिथे "म्हणजे कसं की" करत अडकलो ते काढून टाकलंय, आणि घाईत सांगितलेला एक आकडा नीट करून लिहिलाय. बाकी जसं बोललो तसंच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ताम्हिणी घाट उतरत होतो. माझी सेकंडहँड जिप्सी, शेजारच्या सीटवर बाबा. गाडी नुकतीच लिफ्ट करून आणली होती, आणि मी ती घरच्यांना मिरवत होतो, दुसरं काय. एका वळणाआधी जरा जोरात ब्रेक दाबला. स्टेअरिंग मी सरळ धरलेलं, हात हललाही नाही, आणि गाडी डावीकडे कठड्याकडे ओढली गेली. ब्रेक सोडला तर परत सरळ. काही झालं नाही, पण पुढचं वळण येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प. मग बाबा म्हणाले, "ब्रेक मारलास की गाडी वळते का रे? की मलाच वाटलं?"

त्यांना वाटलं नव्हतं. गाडी खरंच वळत होती. पण हे कळायला मला तीन आठवडे आणि नको तेवढे पैसे लागले. त्या तीन आठवड्यांचं सार म्हणजे हा एपिसोड.

आधी गाडी काय आहे ते सांगतो. जिप्सी १९८५ साली आपल्याकडे आली आणि तिची बांधणी शेवटपर्यंत जुन्या वळणाचीच राहिली. पुढे आणि मागे अखंड ॲक्सल, त्यांच्यावर पाटे, आणि स्टेअरिंगला एक बॉक्स. त्या बॉक्समधून खाली एक छोटा हात लोंबतो, तो पिटमन आर्म. त्याला आडवा रॉड जोडलेला असतो, ड्रॅग लिंक. हा रॉड गाडीच्या पलीकडच्या चाकाला ढकलतो किंवा ओढतो. आणि त्या चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत जातो तो टाय रॉड, म्हणून दोन्ही चाकं एकत्र वळतात. एवढंच. यात सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही, म्हणूनच मला ती आवडते.

मूळ गाडीत पुढचे पाटे ॲक्सलच्या खालून जातात. लिफ्टचा लोकप्रिय प्रकार म्हणजे तेच पाटे ॲक्सलच्या वर बसवायचे. पाट्यांची जाडी आणि ॲक्सलची जाडी मिळून गाडी साधारण पाच इंच उचलली जाते. स्वस्तात होतं, दिसतं भारी, मोठे टायर बसतात. पण बघा, काय झालं? स्टेअरिंग बॉक्स शासीवर आहे, तो गाडीबरोबर वर गेला. चाक जमिनीवरच राहिलं. मधला ड्रॅग लिंक आधी जवळजवळ आडवा होता, तो आता उतरत्या शिडीसारखा तिरका झाला.

आता एक प्रयोग करा. बसमध्ये असाल तर शेजारच्याला सांभाळून. उजवा हात बाजूला, खांद्याच्या उंचीवर सरळ पसरा. आता पंजा चार बोटं वर-खाली करा. पंजा शरीरापासून फारसा लांब-जवळ होत नाही, नुसता वर-खाली होतो. मग हात खाली तिरका सोडा, कंबर आणि खांद्याच्या मधे कुठेतरी, आणि तिथून पंजा तेवढाच वर न्या. आता तो वर जाता जाता बाहेरही सरकतो. खांदा म्हणजे स्टेअरिंग बॉक्सकडचं टोक, पंजा म्हणजे चाकाकडचं. पंजा बाहेर सरकला म्हणजे चाक वळलं. तुम्ही स्टेअरिंगला हातही न लावता. याला बंप स्टीअर म्हणतात.

आकड्यात सांगतो, ढोबळ मापं धरून. ड्रॅग लिंक ९० सेंटीमीटर लांब, चाकाचा स्टेअरिंग आर्म १५ सेंटीमीटर. लिफ्टच्या आधी रॉडच्या दोन टोकांच्या उंचीत फरक ५ सेंटीमीटर. पुढची बाजू ५ सेंटीमीटर दबली तर रॉडचं टोक बाजूला सरकतं जेमतेम दीड मिलिमीटर, चाक वळतं अर्धा अंश. जाणवतही नाही. लिफ्टनंतर उंचीतला फरक १७ सेंटीमीटर धरा. तेवढ्याच दाबाला टोक ८ मिलिमीटर सरकतं आणि चाक वळतं तीन अंश. सहापट. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर आहे. तीन अंश म्हणजे ही गाडी साधारण ४५ मीटर त्रिज्येचं वळण घेऊ पाहते. खड्ड्यात हे क्षणभर होतं, स्टेअरिंगला झटका बसतो आणि आपण सावरतो. ब्रेकिंगमध्ये पुढची बाजू कदाचित एवढी दबत नाही, पण पाय ब्रेकवर असेपर्यंत दबलेलीच राहते. म्हणून खड्ड्यापेक्षा ब्रेक जास्त धोकादायक. घाटात तर विचारूच नका.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी गाडी लिफ्ट करणाऱ्याकडेच परत गेलो. दादा म्हणाले, "एका बाजूचा ब्रेक पकडतोय." पॅड बदलले. तसंच. मग व्हील अलाइनमेंट. तसंच. मग स्टेअरिंग डँपर बसवला, म्हणजे स्टेअरिंगच्या रॉडला आडवा लावलेला एक शॉकअप. झटके कमी झाले आणि मी खूश. ऑफिसमध्ये कोणी एक्सेप्शन पकडून गिळून टाकलं, लॉगसुद्धा केलं नाही, तर मी त्याचा कोड परत पाठवतो. इथे स्वतःच्या गाडीत मी नेमकं तेच केलं होतं. डँपर झटका शोषतो, पण हळूहळू होणारी ओढ तो थांबवत नाही. ब्रेक मारला की गाडी अजूनही डावीकडेच.

शेवटी दादांनी "रामबाण" काढला. ड्रॅग लिंक गरम करून झेड आकारात वाकवला. दोन्ही टोकांपाशी बाक, मधला भाग छान आडवा. म्हणाले, "आता बघा, रॉड सरळ झाला." दिसायला झालाही होता. पाट्याला घासतही नव्हता. मी पैसे देऊन आलो.

आणि गाडी तशीच.

मग एका रात्री कागदावर रेघा मारत बसलो तेव्हा ट्यूब पेटली. रॉडचा आकार महत्त्वाचाच नाही! महत्त्वाची आहेत दोन टोकं, दोन बॉल जॉइंट, आणि त्यांना जोडणारी अदृश्य सरळ रेघ. रॉड झेड करा, इंग्रजी एस करा, जिलेबी करा, टोकं होती तिथेच असतील तर ती रेघ तेवढीच तिरकी. बंप स्टीअरमध्ये काडीचा फरक नाही. उलट नवा धोका आला. सरळ रॉड लांबीच्या दिशेने ताण आणि दाब घेतो, त्यात तो ताकदवान असतो. वाकवलेला रॉड प्रत्येक झटक्याला बाकापाशी लवतो, थोडासा स्प्रिंगसारखा. त्यात भट्टीत गरम केलेलं पोलाद, ते आधीसारखं राहिलंय की नाही कोण सांगणार? झेड रॉड पाट्याला जागा करून देतो. त्यापलीकडे त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

तुमच्या गाडीत बंप स्टीअर आहे का हे घरीच बघता येतं. सपाट जमीन, चाकं सरळ, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड. पुढे शासीखाली जॅक लावा आणि बॉडी हळूहळू ४-५ सेंटीमीटर उचला. चाकं जमिनीवरच राहिली पाहिजेत, आणि गाडीखाली कोणी जायचं नाही. दुसऱ्याला स्टेअरिंगकडे बघायला सांगा. टायर जमिनीला चिकटून असतात, त्यामुळे स्टेअरिंगच आपोआप फिरतं. माझं चांगलंच फिरलं. बाबा बघत होते, म्हणाले, "भूत आहे."

मग इलाज काय? टोक हलवायचं. दोन रस्ते आहेत. एक, स्टेअरिंग बॉक्सकडचं टोक खाली आणायचं, म्हणजे लांब, खाली उतरलेला पिटमन आर्म. स्वस्त, अर्ध्या तासाचं काम. पण तो आर्म म्हणजे तरफ. तो खाली गेला की बॉक्सच्या शाफ्टवर आणि बॉक्स ज्या ठिकाणी शासीला बोल्ट केलाय तिथे पिळाचा भार वाढतो. थोड्या लिफ्टला चालतो. पाच इंचाला मला पटत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे चाकाकडचं टोक वर न्यायचं. चाकाच्या नकलवर, किंगपिनची वरची प्लेट काढून तिच्या जागी नवा आर्म बसवतात, आणि ड्रॅग लिंक व टाय रॉड दोन्ही पाट्यांच्या वरून नेतात. याला हाय स्टीअर म्हणतात. ड्रॅग लिंक परत जवळजवळ आडवा. शिवाय टाय रॉड दगडांच्या तावडीतून वर येतो, हा बोनस. मी हेच केलं. काम करताना एक गोष्ट दिसली की डाव्या किंगपिनचं बेअरिंग आधीच गेलं होतं. डँपरने तेही झाकून ठेवलं होतं.

यात चार गोष्टींवर मी अडून बसलो. आर्म वेल्डिंग करून बनवलेला नको, एका अखंड जाड तुकड्यातून कापलेला हवा, कारण तो तुटला तर स्टेअरिंगच गेलं. रॉड सीमलेस पाइपचे, एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे, म्हणजे रॉड न काढता नुसता फिरवून लांबी बदलता येते. टाय रॉडची लांबी चाकांचा टो ठरवते, ड्रॅग लिंकची लांबी स्टेअरिंग मध्यावर आणते. हे दोन गोंधळू नका. प्रत्येक जॉइंटला कॅसल नट आणि नवी स्प्लिट पिन, जुनी पिन परत वापरायची नाही. आणि बंप स्टॉप, कारण रॉड वर गेला की पाटा पूर्ण दबल्यावर तो शासीला किंवा इंजिनच्या चेंबरला आपटू शकतो. पाटा दाबून, स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून हे बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.

स्टेअरिंग जड लागतं म्हणून पॉवर स्टेअरिंग बसवणारे खूप आहेत. बसवा, पण हे सगळं झाल्यावर. मोटर जास्त जोर लावणार, तो जोर याच बॉक्सला आणि याच रॉडना झेलायचाय.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज होता, "जिमनीला हेच लागू आहे का?" अर्धंच. जिमनीत ॲक्सल अखंड आहे पण पाटे नाहीत, कॉइल आहेत, आणि ॲक्सल आडवा हलू नये म्हणून एक लॅटरल रॉड. तो रॉडसुद्धा ॲक्सलला चापात फिरवतो. तिथे नियम असा की ड्रॅग लिंक आणि लॅटरल रॉड समांतर हवेत, लांबीही जवळपास सारखी, म्हणजे दोघं एकत्र फिरतात. नुसता ड्रॅग लिंक सरळ केलात आणि लॅटरल रॉड तिरकाच ठेवलात तर बंप स्टीअर वाढेल. २०२० नंतरच्या थारला पुढे अखंड ॲक्सलच नाही, तिचं गणित पूर्ण वेगळं.

आणि कायद्याचं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल स्पष्ट केलंय की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. माझी जिप्सी आता फक्त खासगी ट्रॅकवर चालते, ट्रकवर चढवून नेतो. त्या दिवशी ताम्हिणीत ती रस्त्यावर होती, आणि त्यात मला काही बढाई मारायची नाही.

नवं स्टेअरिंग बसल्यावर पहिली चाचणी मित्राच्या शेतातल्या सपाट माळावर घेतली. चुन्याची सरळ रेघ मारली, ताशी ३० ला गाडी आणली, ब्रेक दाबला. बाबा रेघेच्या टोकाला, बरेच बाजूला उभे होते. चार वेळा केलं. चौथ्यांदा ते जवळ आले, टायरचा ठसा बघितला आणि म्हणाले, "अजून एकदा. या वेळी मी आत बसतो."

पुढच्या एपिसोडमध्ये कॅस्टर. स्टेअरिंग सोडल्यावर ते आपोआप मध्यावर का येतं आणि लिफ्टनंतर का येत नाही, ते बघू.