जुन्या पिकअपला दुहेरी सायलेन्सर
अमेरिकेत १९७०च्या दशकातल्या शेव्हरोले सी-१० पिकअपला दुहेरी सायलेन्सर बसवताना बरेच जण आवाजावरच भाळतात. माझ्या मते आधी नळीचा व्यास पाहावा. मूळ स्थितीतल्या ५.७ लिटर व्ही-८ इंजिनाला सव्वादोन इंची नळ्या पुरतात. उगाच रुंद नळीत धुराचा वेग मंदावतो.

खरी गंमत आहे ती सिलिंडर पेटण्याच्या क्रमात: १-८-४-३-६-५-७-२. त्यातले ५ आणि ७ एकाच बाजूचे, आणि पेटतातही लागोपाठ! दोघांचा धूर एकाच नळीत गर्दी करतो. उजवीकडे ८ आणि ४ची तीच गत. दोन्ही नळ्या मध्ये आडव्या नळीने जोडल्या, की दाब वाटला जातो आणि आवाजही भरदार होतो. हा जोड टाळू नकाच. कारखान्यातून आलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र काढायचा नाही. तिथल्या कायद्याने ते निषिद्ध आहे.