कल्पनेचा सातबारा

वसईत होळी नावाचा भाग आहे. सणाची होळी नव्हे, गावाची होळी. वसईकडे सुकेळी करण्याची चाल फार जुनी आहे. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि उन्हात वाळवायची. वाळली की ती तपकिरी होतात, चिवट होतात आणि गोडी वाढते. पण आभाळ आले की सगळे काम अडते.

आता अशी कल्पना करा. होळीतल्या एका घरात एक काकी आहे. तिने केळी वाळवण्यासाठी एक पेटी तयार केली. पेटीत तिने अशी काही युक्ती केली, की ढगाळ दिवसांतही केळी वाळतात, आणि माशी बसत नाही. अशी पेटी पूर्वी कोणी केली नव्हती.

पुतण्या म्हणाला, "काकी, ही पेटी कुणाला दाखवू नको. कोणीतरी नक्कल करील आणि तुझ्याआधी बाजारात नेईल."

काकी म्हणाली, "अरे, दाखवली नाही तर विकू कशी? आणि दाखवली तर नक्कल होणार. मग मी करू तरी काय?"

काकीचा प्रश्न खरा आहे. जगभर हा प्रश्न लोकांना पडला. त्यावर जो तोडगा निघाला, त्याचे नाव पेटंट.

पेटंट म्हणजे काय?

पेटंट हा सरकार आणि शोध लावणारा यांच्यातला एक सौदा आहे.

सरकार म्हणते, "तुझी युक्ती आम्हाला पूर्ण लिहून दे. काही लपवू नको. वाचणाऱ्या जाणकाराला ती करता आली पाहिजे. आम्ही तो कागद सर्वांसाठी खुला करू. त्याच्या बदल्यात तुला हक्क देऊ. तुझ्या परवानगीवाचून कोणी ती वस्तू करू नये, विकू नये."

जमिनीला जसा सातबारा, तसे कल्पनेला पेटंट. सातबाऱ्यावर आपले नाव असले, तर दुसरा आपल्या शेतात नांगर घालू शकत नाही. पेटंटावर आपले नाव असले, तर दुसरा आपल्या युक्तीवर धंदा करू शकत नाही.

पण एक मोठा फरक आहे. जमीन बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जात राहते. पेटंटाचे तसे नाही. आपल्या देशात ते अर्ज केल्यापासून २० वर्षे चालते. तेही मधून मधून सरकारात फी भरत राहिलो तर. २० वर्षे झाली की कुंपण निघाले. मग ती युक्ती सगळ्या जगाची.

पेटंट हवे असेल तर वस्तूला तीन कसोट्या लागतात. पहिली, ती नवी असली पाहिजे. दुसरी, त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचेल अशी ती नसावी. तिसरी, तिचा काही उपयोग पाहिजे.

म्हणून काकीला सुकेळीचे पेटंट मिळणार नाही. सुकेळी आपल्या आजीच्या आजीलाही ठाऊक होती. पण नव्या पेटीचे पेटंट मिळू शकेल.

पेटंट काही पेटीलाच मिळते असे नाही. नवे औषध, नवा रंग, नव्या जातीचा धातू, छापण्याचे यंत्र, रक्त तपासण्याचे नवे उपकरण, या सगळ्यांना ते मिळू शकते. आता दोन खऱ्या गोष्टी ऐका. एक नव्या वस्तूची आहे. दुसरी जुन्या वस्तूची.

अक्षरे ओतणारा माणूस

आपण आता अक्षरे वाचू लागलो. पण छापील अक्षर पूर्वी कसे होत असे, हे तुम्हाला माहीत आहे का?

पूर्वी छापखान्यात प्रत्येक अक्षराचा धातूचा तुकडा असे. त्याला खिळा म्हणत. क चा खिळा वेगळा, म चा खिळा वेगळा. कामगार एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. मग त्यावर शाई लावून कागद दाबत.

हे खिळे ओतावे लागत. त्यासाठी शिसे वितळवीत. पण नुसते शिसे मऊ असते. कागद दाबता दाबता अक्षर झिजायचे. म्हणून त्यात अँटिमनी नावाची धातू मिसळीत. तिच्यामुळे खिळ्याला कडकपणा येतो आणि कडा रेखीव उठतात. थोडे कथीलही घालीत. त्यामुळे वितळलेला रस साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात नीट जातो. घरी पुरणात गूळ किती, वेलची किती, याचे जसे माप असते, तसेच माप या धातूंचे असे.

हे काम झटपट करणारे यंत्र आपल्या एका मराठी माणसाने बनवले. त्यांचे नाव शंकर आबाजी भिसे. त्यांचा जन्म १८६७ साली मुंबईत झाला. लहानपणापासून त्यांना खटपट करण्याचा नाद. मुंबईच्या आगगाडीसाठी स्टेशनची नावे दाखवणारे यंत्र त्यांनी योजले होते. पुढे इंग्लंडमधल्या एका मासिकाने स्पर्धा ठेवली. किराणा माल आपोआप तोलून देणारे यंत्र हवे होते. त्या स्पर्धेत भिसे यांनी इंग्रज कारागिरांना मागे टाकले.

मग ते विलायतेला गेले. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला. भिसे यांनी खिळे ओतण्याचे नवे यंत्र तयार केले. त्याला त्यांच्या नावावरून 'भिसोटाइप' म्हणत. मिनिटाला हजारावर खिळे पडावेत, असा त्यांचा ध्यास होता.

यंत्राची कल्पना चांगली होती. त्याचे पेटंटही होते. पण यंत्र कारखान्यात घडवायला भांडवल लागते. ते काही जमेना. भिसे परत मुंबईला आले. १९१० साली सर रतन टाटा यांनी त्यांच्याबरोबर भागीदारी केली. पण तीही काही वर्षांत आटोपली. बाजारात मोठ्या कंपन्यांची यंत्रे आधीच रुजली होती.

भिसे यांनी हार मानली नाही. ते अमेरिकेत गेले. तिथे पुन्हा खिळ्यांच्या यंत्राची कंपनी काढली. रसायनातही हात घातला. आयोडीन तुम्ही पाहिले असेल. जखमेला लावतात ते तपकिरी, झोंबणारे औषध. त्या आयोडीनपासून त्यांनी एक औषध तयार केले. त्याचे नाव ॲटोमिडीन. १९३५ साली न्यूयॉर्क शहरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध सांगतात. त्यांतल्या ४० च्या आसपास शोधांना पेटंट मिळाले.

यातून आपण काय घ्यायचे? पेटंट म्हणजे शेताचे कुंपण. नुसते कुंपण घातले म्हणून पीक येत नाही. बी लागते, पाणी लागते, मेहनत लागते, आणि बाजारही लागतो. भिसे यांच्याकडे कुंपण होते. पाणी वेळेवर मिळाले नाही.

तरी त्यांचे कष्ट वाया गेले असे म्हणू नये. त्यांची पेटंटे केव्हाच संपली, पण कागद शिल्लक आहेत. त्यात यंत्राची चित्रे आहेत, प्रत्येक भागाचे वर्णन आहे. आज कोणीही ते वाचावे आणि शिकावे. युक्ती लपवून ठेवली असती, तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती.

हळदीचा खटला

आता दुसरी गोष्ट. विळ्याने बोट कापले, तर आपण काय करतो? धावत जाऊन हळदीचा डबा आणतो. चिमूटभर हळद जखमेवर दाबतो. हे आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाही. आईने केले, आजीने केले.

हळदीचे गुण आपल्या बायकांना फार दिवसांपासून ठाऊक आहेत. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू त्यातूनच होई. पिवळ्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो, हेही तुम्ही पाहिले असेल. प्रयोगशाळेत हाच गुण वापरतात. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद एखाद्या द्रवात बुडवतात. कागद लाल झाला, तर तो द्रव चुना-सोड्याच्या जातीचा आहे असे कळते.

तर अशी ही घरोघरची हळद. पण मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत एक नवल घडले. तिथल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना पेटंट मिळाले. कशाचे? हळदीने जखम भरून काढण्याचे!

ही बातमी आपल्या देशात आली. तेव्हा देशातल्या सरकारी प्रयोगशाळांच्या परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. त्यांचा जन्म १९४३ साली गोव्यात माशेल गावी झाला. लहानपणीच वडील गेले. आईने मुंबईत काबाडकष्ट करून त्यांना शिकवले. रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून त्यांनी अभ्यास केला. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

माशेलकरांच्या परिषदेने ठरवले, की हे पेटंट चालू द्यायचे नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या पेटंट कचेरीत अर्ज केला. म्हणणे अगदी साधे होते. ही गोष्ट नवी नाही. पेटंटाची पहिली कसोटीच इथे लागत नाही.

पण इथे एक मेख होती, आणि ती आपण नीट समजून घेतली पाहिजे.

त्या वेळी अमेरिकेचा कायदा असा होता, की परदेशातल्या लोकांची नुसती चाल पुरावा म्हणून धरत नसत. "आमच्याकडे लाखो घरांत हळद लावतात," असे सांगून भागत नव्हते. तिथली कचेरी विचारी, "कुठे छापलेले आहे? दाखवा."

म्हणजे आजी खरी होती. पण आजीचा शब्द तिथे चालत नव्हता. कागद हवा होता.

मग परिषदेच्या माणसांनी कागद शोधले. जुने संस्कृत ग्रंथ काढले. हिंदी, उर्दू पुस्तके काढली. काही कागद शंभर वर्षांहून जुने होते. भारतातल्या डॉक्टरांच्या मासिकात १९५३ साली छापलेला एक लेखही मिळाला. असे एकूण ३२ पुरावे त्यांनी पुढे ठेवले.

१९९७ साली निकाल लागला. हळदीच्या पेटंटातले सगळे दावे अमेरिकेच्या कचेरीने नाकारले. हळद सगळ्यांची होती, ती सगळ्यांचीच राहिली.

अमेरिकेने पुढे आपला कायदा बदलला. २०१३ पासून जगात कुठेही उघडपणे चालत असलेली गोष्ट तिथे जुनी मानली जाते. पण ती चालत होती हे सिद्ध करायला पुरावा लागतोच.

आपले सरकारही सावध झाले. २००१ साली जुन्या ज्ञानाचा एक मोठा संगणकी कोश सुरू झाला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतली औषधे त्यात पाच परदेशी भाषांत लिहून ठेवली आहेत. परदेशातला अधिकारी पेटंट देण्याआधी त्यात पाहू शकतो. आपल्या देशाच्या कायद्यातही स्पष्ट म्हटले आहे, की परंपरेने चालत आलेल्या ज्ञानाला पेटंट देता येणार नाही. शेती-बागायतीच्या पद्धतीलाही नाही.

आपण काय करावे?

तुम्ही म्हणाल, "आम्हाला कुठे पेटंट काढायचे आहे?" पण युक्ती काही शिकलेल्यांच्याच डोक्यात येते असे नाही. विहिरीवर, होडीत, मिठागरात, चुलीपाशीसुद्धा ती सुचते. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक. नवी वस्तू सुचली, तर वहीत लिहा. चित्र काढा. तारीख घाला.

दोन. आधी अर्ज, मग प्रदर्शन. जत्रेत किंवा वर्तमानपत्रात वस्तू आधीच उघड झाली, तर ती नवी उरत नाही. मग बहुधा हक्क जातो. वस्तू पुरी झाली नसेल, तरी कच्चा अर्ज करता येतो. पक्का अर्ज करायला पुढे १२ महिने मिळतात.

तीन. पेटंटाची कचेरी मुंबईत अँटॉप हिलला आहे. एकट्या माणसाला मोठ्या कंपनीपेक्षा फी कमी पडते. मदत लागली तर नोंदणी झालेल्या पेटंट एजंटाकडेच जा. कोणी म्हणेल, "पैसे द्या, आठ दिवसांत पेटंट आणून देतो." त्याच्या नादी लागू नका. पेटंट देणे सरकारच्याच हातात असते, आणि तपासणीला वेळ लागतो.

चार. भारतातले पेटंट भारतापुरतेच चालते. दुसऱ्या देशात हक्क हवा, तर तिथे वेगळा अर्ज करावा लागतो.

आता पुन्हा होळीतल्या आपल्या काकीकडे जाऊ. पुतण्याने तिला हे सगळे वाचून दाखवले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पेटीचं बघू मागाहून. आधी वही आण. माझ्या सासूबाई सुकेळी कशी करायच्या, ते मी सांगते. कोणतं केळं घ्यायचं, किती दिवस ऊन द्यायचं, सगळं लिहून घे."

"काकी, त्याचं तर पेटंट मिळत नाही."

"नको मिळू दे. उद्या दुसऱ्या कुणी ते आपल्या नावावर केलं तर? कागद आपल्याकडे असू दे."

काकी शहाणी होती. आपल्याही घरात एखादी आजी असेल. बाळंतिणीचा काढा, बियाणे राखायची रीत, मासे खारवायचे माप, असे पुष्कळ तिच्या डोक्यात असेल. आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि ते लिहून काढा. आता आपल्याला लिहिता येते.